छाप कुणाची, हात कुणाचा?



आमच्या वस्तीतल्या एका मुलाला जुन्या वस्तू जमवायचा नाद आहे. मागच्या महिन्यात त्याने जुन्या बाजारातून घडीचा चाकू आणला. पात्याच्या बुडाशी इंग्रजीत कोरलेले: जोसेफ रॉजर्स, शेफिल्ड, इंग्लंड. "काका, ह्या रॉजर्सनेच केला असेल का हो?" प्रश्न साधा, पण मी त्यात गुंतत गेलो.

रॉजर्स ही शेफिल्डची नामांकित कंपनी. इंग्रजी अमदानीत तिचा माल आपल्याकडेही खपत असे. कंपन्यांचे स्वतःचे कारखाने होतेच. पण त्या शहरातले पुष्कळ काम 'लिटल मेस्टर' म्हणवणारे छोटे कारागीर करीत. जागा आणि वाफेवर फिरणारी सहाण भाड्याने घ्यायची. एकाने पाते ठोकायचे, दुसऱ्याने धार लावायची, तिसऱ्याने मूठ बसवायची. ठसा मात्र काम देणाऱ्याचा. सहाणेची धूळ छातीत जाई. जेवणाचे काटे कोरडे घासणारे तर बहुधा चाळिशीही गाठत नसत. त्या धुळीवर कुणाची छाप होती?

मालकांना मात्र छापेची फार काळजी. जर्मनीचा माल शेफिल्डच्या नावाने विकला जातो म्हणून ओरड झाली आणि १८८७ साली ब्रिटनमध्ये कायदा आला. १८९१ पासून अमेरिकेनेही परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. देशाचे नाव आले, कारागिराचे नाही. याला एक अपवाद सांगतो. स्टॅन शॉ (१९२६-२०२१) हे कोवळ्या वयात दुसऱ्याच्या हाताखाली लागले, पुढे स्वतःच्या नावाने चाकू करू लागले आणि गिऱ्हाईक त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे थांबे.

अमेरिकेत हा प्रकार आणखी उघड. सिअर्स ह्या मोठ्या दुकानाचा 'क्राफ्ट्समन' छापाचा चाकू सिअर्स कुठे करीत होते? ते श्रेड, कॅमिलस अशा कारखान्यांतून करून घेत. बक कंपनीचेही सुरुवातीचे काही घडीचे चाकू ह्याच दोघांकडचे. म्हणून मुरलेला संग्राहक नुसते नाव वाचत नाही. खिळे कुठे ठोकलेत, पाते उघडायची नखाची खाच कशी कापली आहे, हे पाहून तो खरा कारखाना ओळखतो. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चाकूंना केवळ छापेमुळे वेगळा भाव देणे म्हणजे नावाची किंमत मोजणे.

बी.कॉम.ला आम्हाला 'गुडविल' शिकवले होते. जमाखर्चात नावालाही किंमत असते, आणि ती मालकाच्या बाजूला मांडतात. तेव्हा मार्कांपुरते पाठ केले. आता अर्थ कळतो. श्रेडचा कारखाना २००४ साली बंद पडला. कॅमिलसमध्ये आधी संप झाला आणि २००७ साली तोही कारखाना बंद झाला. कामगार घरी बसले. दोन्ही नावे मात्र दुसऱ्या कंपन्यांनी विकत घेतली आणि त्या नावांचे चाकू पुढेही निघत राहिले. आजचा 'श्रेड' घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की जुन्या हातांचा त्यात काही संबंध नाही.

मुलाच्या चाकूवर 'इंग्लंड' आहे, म्हणजे बहुधा १८९१ नंतरचा. तो त्याने स्वच्छ पुसून तेल लावून ठेवला आहे. वहीत 'कंपनी: रॉजर्स' असे लिहून पुढे त्याने आणखी एक रकाना आखला, 'कारागीर'. तो कोराच आहे.