संतोष नावाचे बेट

सिंगापूरच्या सहलीत एक दिवस ‘सेंटोसा’साठी राखून ठेवलेला असतो. केबल कार, मत्स्यालय, युनिव्हर्सल स्टुडिओ, दमलेली मुले आणि हॉटेलवर परतल्यावर डॉलरचा हिशेब. सेंटोसा हा मलय शब्द. अर्थ शांती, समाधान. त्याचे मूळ मात्र संस्कृत ‘संतोष’.

हे नाव मिळाले १९७२ मध्ये. त्याआधी बेटाला ‘पुलाऊ ब्लाकांग माती’ म्हणत. मलय भाषेत माती म्हणजे मृत्यू. (आपल्याकडेही अखेर माणसाची मातीच होते म्हणा!) एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बंदराच्या रक्षणासाठी येथे किल्ले बांधले, तोफा बसवल्या. तरीही १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्यानंतर जपान्यांनी चिनी पुरुषांची वेचून वेचून कत्तल केली. गोळ्यांनी चाळण झालेली सुमारे ३०० प्रेते या बेटाच्या किनाऱ्याला लागली. ती पुरली शरण आलेल्या, कैदेची वाट पाहणाऱ्या इंग्रज तोफचींनी.

१९६७ मध्ये ब्रिटिश लष्कराने बेट सोडले. तेथे तेलशुद्धीकरण कारखाना काढायचाही विचार होता, ठरले पर्यटन. लोकांकडून नवे नाव मागवण्यात आले आणि गावकऱ्यांना पलीकडे सिंगापूरच्या मुख्य बेटावर हलवण्यात आले. विकासाची ही रीत आपल्याला नवी नाही.

पण मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळीच. चिया थाय पो हे भौतिकशास्त्राचे अध्यापक आणि विरोधी पक्षाचे खासदार होते. १९६६ मध्ये त्यांना अटक झाली. खटला चाललाच नाही. हिंसाचाराचा त्याग करतो, असे लिहून द्या म्हणजे सुटका, असे सांगण्यात आले. जी वाट धरलीच नाही ती सोडतो असे कसे लिहून देणार, म्हणून त्यांनी सही केली नाही. २३ वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांना तुरुंगातून काढून सेंटोसावर पहारेकऱ्याच्या एका खोलीत ठेवले. आता तुम्ही मोकळे आहात, तेव्हा खोलीचे भाडे भरा, असा सरकारी न्याय! बँकेत उभी हयात खतावण्या तपासण्यात गेली, पण असे भाडे कोणत्या खात्यात जमा करायचे, हे मला सांगता येणार नाही.

भोवती सहलींची गर्दी आणि मध्ये हा एकटा माणूस. बेटाचा कारभार पाहणाऱ्या महामंडळासाठीच भाषांतरे करून ते पोट भरत. १९९२ मध्ये त्यांना शहरात राहण्याची मुभा मिळाली. शेवटचे निर्बंध उठले ते १९९८ च्या नोव्हेंबरात.