पायरियात हाड कोण खातं?

दात हलायला लागला की दोष जिवाणूंवर जातो. पण दाताला धरून ठेवणारं हाड झिजवतात त्या आपल्याच पेशी.

हिरडीखाली साचलेल्या थरात पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू असतात. त्यांच्या आवरणातलं लिपोपॉलीसॅकराइड हे विष हिरडीतल्या पेशी ओळखतात आणि इंटरल्युकिन-१, टीएनएफ असे संदेश सोडतात. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. जिवाणूंवर सोडलेली त्यांची विकरं मात्र हिरडीचं कोलॅजनही तोडतात. दाह लांबला की रँकल नावाचं प्रथिन वाढतं, त्यातून हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात आणि जबड्याचं हाड मागे सरकतं. ते आपोआप भरून येत नाही.

सुरुवातीची सूज मात्र पूर्ण बरी होते, हे फार मोलाचं आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी १२ निरोगी जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्यात सूज ओसरली.

मधुमेह आटोक्यात नसेल तर हा दाह अधिक भडकतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून आजार लपून राहतो. आणि कृपा करून, रक्त येतं म्हणून ब्रश करणं थांबवू नका. दंतवैद्याकडून हिरडीखालचं कीटण काढून घ्या. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी तो थर निघत नाही.