उतारवयातली किडनी : गोळी चुकवू नका

मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायला असलेली ६५ वर्षांची अट केंद्राने २०२३ मध्ये काढली. आता आपल्या आजी-आजोबांनाही नाव नोंदवता येते.

छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी रोगाशी लढणाऱ्या टी पेशी घडवते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते. म्हणून म्हातारे शरीर परकी किडनी सहसा कमी नाकारते. पण जंतूंपुढेही लवकर हरते. त्यात किडनी टिकवणाऱ्या गोळ्या प्रतिकारशक्ती आणखी दाबतात. दबलेला क्षयही डोके वर काढतो.

म्हणून आम्ही घरच्यांना सांगतो : बरे वाटले तरी गोळी थांबवू नका. ताप आला तर मेडिकलमधून परस्पर औषध न आणता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात कुणालाही दोन आठवडे खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासून घ्या.