लाल सिरिंजमागच्या सिस्टर
(लेखांक सातवा)

केमोथेरपीची औषधं पेशींवर कसा परिणाम करतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज ती औषधं देणाऱ्या सिस्टरांबद्दल.

डॉक्सोरुबिसिनचंच बघा. औषध लालभडक. शिरेबाहेर थोडं झिरपलं तरी भोवतालची कातडी जळते आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून सिस्टर सलाईन चालू ठेवून ते सावकाश ढकलते, मधूनच दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय ना ते बघते. नजर मात्र पेशंटच्या चेहऱ्यावर. ‘आग होतेय का मावशी? लगेच सांगायचं हं.’ एक-दोन दिवस लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही तीच सांगून ठेवते. दोन-चार केमोंनंतर शिरा कडक होतात, सापडेनाशा होतात. मग एका टोचणीत शीर धरणाऱ्या सिस्टरची ड्युटी कधी आहे, याची चौकशी करूनच नातेवाईक वेळ ठरवतात. सर्दी-तापाच्या वॉर्डात असा मान कुठून मिळणार?

सततच्या मृत्यूंमुळे या नर्स खचतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. मृत्यूचा भार असतोच. पण नोकरी नकोशी होण्याचं मूळ बहुधा दुसरीकडेच असतं. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून मांडलं, की समाधान कामातून येतं आणि असमाधान कामाच्या परिस्थितीतून, म्हणजे पगार, धोरणं, वरिष्ठांची वागणूक यांतून. कॅन्सर वॉर्डाला हे नेमकं लागू पडतं. इथल्या सिस्टरला काम आवडतं आणि नोकरी नकोशी वाटते, दोन्ही एकाच वेळी.

अमेरिकी नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो केवळ कॅन्सर वॉर्डांचा नव्हता, पण निष्कर्ष बोलका आहे: एका नर्समागे एक पेशंट वाढला, की ती कामाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल नाराज असण्याची १५ टक्क्यांनी वाढते. केमो घाईने देता येत नाही, त्यामुळे इथे जास्तीचा पेशंट अधिकच जड जातो.

पगाराचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सुचवलं होतं, की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी नर्सना सरकारी नर्सइतका पगार द्यावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. संघटना आजही तेच मागत आहेत.

मला सगळ्यात खटकतं ते रोटेशन. ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आपल्याकडे आहे. तो करून, पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) हाताळायला शिकून तयार झालेली सिस्टर बदलीच्या यादीत नाव आलं म्हणून हाडांच्या वॉर्डात जाते, आणि तिच्या जागी आलेली मुलगी लाल सिरिंज पहिल्यांदाच हातात धरते. यात पैशांचाही प्रश्न नाही; यादी करणाऱ्याने तेवढं बघायला हवं.

(पुढील लेखांकात: वेदनाशामक मॉर्फिन आणि त्याबद्दलची भीती)