सरपंचपदाची चिठ्ठी आणि तुमची तुलना

साकोली किंवा पवनी तालुक्यातली सरपंचपदाची आरक्षण सोडत कधी बघितलीय? लहान मूल चिठ्ठी काढतं आणि गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. (इच्छुकांचे चेहरे तेव्हा बघावेत!)

आपल्यासाठी हे सोनं आहे. स्वतःहून बाई निवडणारं गाव मुळातच वेगळं असू शकतं. चिठ्ठी गाव बघून निघत नाही. चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांच्या २००४च्या निबंधाचा पाया असाच आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात त्यांना महिला-राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च दिसला.

पण भंडाऱ्याचा डेटा घेताना जपून. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात, त्या वेगळ्या ठेवा. शिवाय आरक्षण फिरतं असल्यानं मागच्या वेळचं महिला-राखीव गाव यंदा चिठ्ठीत नसूही शकतं. म्हणून तहसीलमधून आधीच्या सोडतींच्या याद्याही मागून घ्या.