घागर, गुरू आणि चार बाजूंचा फासा

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यातल्या मंत्रांच्या नऊ पायऱ्यांपैकी सर्वांत वरच्या पायरीवर ‘टाइम स्टॉप’ आहे. जादूगाराने तो म्हटला, की त्याच्याखेरीज सगळ्यांचा काळ थबकतो. किती वेळ? चार बाजूंचा फासा टाकायचा, पडेल त्या आकड्यात एक मिळवायचा. तेवढ्या खेळी त्याला लागोपाठ मिळतात. मात्र दुसऱ्या कुणावर परिणाम होईल असं काही केलं, की मंत्र तिथल्या तिथे मोडतो. काळ मुठीत आला, तरी समोरच्या राक्षसाला टपलीसुद्धा मारता येत नाही!

कावेरीकाठच्या कुंभकोणमची स्थलकथा याहून मोठा डाव मांडते. तिथे काळ थांबत नाही. तो संपणार, हे धरूनच सगळी तयारी. प्रलय जवळ आला तेव्हा ब्रह्मदेवाला काळजी पडली, पुढची सृष्टी कशातून उभी करायची? शिवाने सांगितलं: तीर्थांची माती आणि अमृत घेऊन घागर घडव, तिच्यात सृष्टीचं बीज ठेव. प्रलयाच्या पाण्यावर तरंगत घागर दक्षिणेला येऊन टेकली. मग किराताच्या वेशातल्या शिवाने बाण मारून ती फोडली. अमृत सांडलं तिथे महामहम तळं झालं, फुटलेल्या घागरीचं झालं आदि कुंभेश्वराचं लिंग. एका कल्पाची पुंजी दुसऱ्या कल्पात पोचली. आणि कल्प म्हणजे तब्बल ४३२ कोटी वर्षं! खेळातला मंत्र दुसऱ्याला हात लावताच मोडतो. घागरीचा हा मंत्र दुसऱ्याने हात लावल्याशिवाय पुरा होत नाही.

या गोष्टीचं घड्याळ मात्र खरंखुरं आकाशात फिरतं. गुरू सिंह राशीत, तमिळ मासी महिना, चंद्र मघा नक्षत्रात: हा योग जुळला की महामहम पर्व. तळ्याच्या पोटात वीसेक विहिरी, काठाने सोळा मंडप; भाविक एकेका विहिरीचं पाणी अंगावर घेत पुढे सरकतात. गंगा, गोदावरीसह नऊ नद्या त्या दिवशी इथे येतात, अशी श्रद्धा. नाशिकचा सिंहस्थही गुरूच्या याच मुक्कामावर बेतलेला आहे.

गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून पर्व साधारण बारा वर्षांनी: २००४, २०१६, आणि पुढचं २०२८ साली अपेक्षित. उरलेली तूट मात्र साचत जाते आणि सात फेऱ्यांत जवळजवळ वर्षभराची होते. गुरूवरच बेतलेला हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराव्या वर्षीच, २०२१ साली भरला, तो त्यामुळेच.

घागरीचा मंत्र कुणी खेळाच्या टेबलावर आणलाच, तर नियम असा लिहावा: साहित्य माती, अमृत आणि घागर, पुन्हा वापर गुरू सिंहेत आल्यावरच. फासा मनासारखा पडेपर्यंत देवाला हात जोडता येतात, पण गुरूला कुणी घाई करू शकत नाही.