लाल खवल्यांचे मोल

आशियाई अरोवाना या गोड्या पाण्यातील माशासाठी हौशी मत्स्यपालक जी रक्कम मोजतात, तिच्यात प्रत्यक्ष माशाचे मोल थोडे असून त्याच्या जन्माचा दाखला, रंग चढण्याची आशा आणि एका आंतरराष्ट्रीय बंदीचा इतिहास यांचा वाटा फार मोठा असतो. हिरव्या वाणाचे पिल्लू काही शे डॉलरना मिळते. उत्तम लाल किंवा सोनेरी माशाला हजारो डॉलर पडतात, आणि अगदी निवडक माशांच्या बाबतीत दीड लाख डॉलरपर्यंतच्या सौद्यांच्या बातम्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. बोर्निओ, सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्पातील नदीकाठच्या लोकांसाठी हाच मासा एके काळी जेवणातला एक साधा मासा होता.

त्याचे नशीब पालटले ते मुख्यतः चिनी श्रद्धेमुळे. मोठे, धातूसारखे चकाकणारे खवले, खालच्या जबड्यावरून पुढे आलेल्या दोन मिशा आणि पाण्याच्या पृष्ठालगत संथपणे वळणारे लांबट शरीर यांमुळे तो ड्रॅगनसारखा दिसतो, आणि चिनी भाषेत त्याचे नावही ‘ड्रॅगन मासा’ या अर्थाचेच आहे. लाल रंग व सोने हे समृद्धीचे संकेत मानणाऱ्या समाजात पश्चिम कालिमांतानमधील कापुआस नदी व सेंतारुम सरोवरांचा लाल वाण आणि मलेशियातील बुकित मेराह जलाशयाचा सोनेरी वाण यांना सर्वाधिक मागणी आली.

ही मागणी पुरवणे त्या माशाच्या जीवनक्रमाला झेपणारे नव्हते. अरोवाना वयात यायला तीन-चार वर्षे लागतात, मादी एका वेळी थोडीच, पण आकाराने मोठी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरून पिल्ले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे सांभाळतो. या पद्धतीला मुखसंगोपन म्हणतात. पिल्लांसाठी नर पकडला की पुढची पिढीच जाळ्यात येते. 1975 मध्ये ‘साइट्स’ या, धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजेच रानातून पकडलेल्या माशाच्या व्यापारी देवघेवीला मनाई झाली. बंदीने माशाचे दुर्मीळपण अधिकृत ठरवले आणि त्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही वाढवली, असे म्हणणे भाग आहे.

पुढे नोंदणीकृत केंद्रांत जन्मलेल्या पिढ्यांच्या विक्रीस परवानगी मिळाली आणि सिंगापूर, मलेशिया व इंडोनेशिया येथे तळ्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. तेथे नराचे तोंड हलक्या हाताने उघडून पिल्ले काढून घेतात, ती काचेच्या टाक्यांत वाढवतात आणि विक्रीपूर्वी माशाच्या पाठीच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. चिपचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळला तरच मासा कायदेशीर ठरतो. अमेरिकेत मात्र असा दाखला असूनही तो पाळण्यास बंदी आहे.

ग्राहकाला खरी जोखीम पत्करावी लागते ती रंगाची. लाल वाणाच्या पिल्लाचे खवले फिकट असतात; प्रत्येक खवल्याच्या कडेपासून लाली चढायला वर्षे लागतात, आणि ती किती गडद होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून टाकीच्या मागील पडद्याचा रंग, पाण्यात सोडलेले खास दिवे आणि झिंग्यांसारखे खाद्य यांवर हौशी लोक खर्च करत राहतात. काही माशांचा डोळा खाली झुकतो. रानात पृष्ठभागावरचे किडे टिपणारा हा मासा टाकीत तळाकडे पाहू लागतो, त्यामुळे किंवा डोळ्यामागे चरबी साचल्यामुळे असे होत असावे, असे पालक मानतात. सिंगापूरमध्ये हा डोळा वर आणण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. मासा दोन-अडीच फूट वाढतो, वीस वर्षे जगू शकतो आणि उडी मारून बाहेर पडतो. त्यामुळे मोठी टाकी, भक्कम झाकण, अखंड चालणारी गाळणयंत्रणा आणि विजेचे बिल हा खर्च खरेदीनंतरही संपत नाही.

महाराष्ट्रातील दुकानांत भरभराटीचा मासा म्हणून सहसा दिसतो तो दक्षिण अमेरिकेतील चंदेरी अरोवाना. तो वेगळ्या वंशातला आणि पुष्कळ स्वस्त आहे. आशियाई अरोवाना बाळगणाऱ्यांसाठी 2022 ची वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण तिने साइट्समधील प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडून त्यांच्या जिवंत प्राण्यांची नोंद करणे बंधनकारक केले.

या सगळ्या पैशातून मूळ नदीच्या वाट्याला फारसे काही येत नाही, ही या व्यापारातील सर्वांत दुःखद बाब आहे. तळ्यांत मासे भरपूर असताना रानातील अरोवाना आजही संकटग्रस्तांच्या यादीत आहे. पश्चिम घाटातील प्रवाहांनीही असा अनुभव घेतला आहे. अंगावर लाल पट्टा असलेला, बाजारात ‘मिस केरळ’ म्हणून ओळखला जाणारा छोटा मासा परदेशी टाक्यांसाठी इतका पकडला गेला की तोही संकटग्रस्त ठरला. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले. केरळ सरकारने त्याच्या पकडीवर काही महिन्यांची बंदी घातली होती, परंतु बंदीचे ते महिने माशाच्या खऱ्या विणीच्या हंगामाशी पुरते जुळत नव्हते, असे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले.